बाळाच्या रडण्याची पट्टी



बाळ जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान दिली जाते. दुनियेत आल्यावर त्यानं पहिल्यांदा काय ऐकावं, याची आपण एवढी काळजी घेतो. बाळ आपल्याला काय ऐकवतंय, त्याकडे मात्र फारसं लक्ष देत नाही. रडलं तर भूक लागली असेल, पोट दुखत असेल, नाहीतर नजर लागली असेल, एवढ्यात आपलं निदान संपतं.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलाची अम्मी प्रगतिपुस्तक घ्यायला शाळेत आली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी, सोबत सासूबाई. मुलगी रडली आणि दोन पोरं बाकाखाली वाकून मांजर शोधू लागली. पोरांची चूक नव्हती. आवाज खरंच तसा होता: बारीक, उंच, आणि न चढणारा न उतरणारा. अम्मीनं पटकन ओढणीनं बाळाचं तोंड झाकलं. तिला त्याची सवय झालेली दिसत होती.

मुलं गेल्यावर बोलणं निघालं. सासूबाई म्हणजे तिची सख्खी खालाच. नवरा खालाजाद भाऊ. मोहल्ल्यात बोललं जात होतं की रक्तात रक्त दिलं, म्हणून पोर अशी निपजली. हा बोल खालांना लागत होता, कारण रिश्ता त्यांनीच जमवला होता. मग त्या तो सुनेवर ढकलत होत्या: पोटुशी असताना हिनं मांजर मांडीवर घेतलं होतं! एका बाळाच्या रडण्यावरून दोन बायका एकमेकींशी अबोला धरून होत्या. त्या बाळाची तपासणी अजून झालेलीच नव्हती.

हा आवाज वैद्यकशास्त्राला माहीत आहे. १९६३ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन बालकांची नोंद केली. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या तिघांच्या पाचव्या क्रमांकाच्या एका गुणसूत्राच्या आखूड बाजूचा तुकडा गळालेला होता. फ्रेंचमध्ये आजाराला नाव पडलं ‘क्री दु शा’, म्हणजे मांजराचं रडणं. साधारण १५ हजार ते ५० हजार जन्मांत असं एक बाळ असतं. वजन कमी, डोकं लहान, चेहरा गोल, डोळ्यांत अंतर जास्त, अंग सैल, दूध ओढायला ताकद नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी इतर बाळांतही दिसतात. डॉक्टरचे कान टवकारतात ते रडण्यामुळे.

हे रडणं मोजता येतं. घशातल्या स्वरयंत्रातल्या पट्ट्या सेकंदाला जितक्या वेळा थरथरतात, तितके हर्ट्झ. मोठ्या पुरुषाचा आवाज शंभर-सव्वाशेच्या आसपास, बाईचा दोनशेच्या, आणि निरोगी तान्ह्या बाळाचं रडणं ४०० ते ५०० च्या. या बाळांचं रडणं ६०० पासून हजारापर्यंत जातं. चारशेचा आठशे झाला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. कारण, स्वरयंत्र लहान आणि वेगळ्या घडणीचं असतं, शिवाय त्यावर मेंदूचा ताबाही कमी असतो.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आवाजाचं चित्र काढणारं यंत्र तयार झालं. कागदावर आडवा वेळ, उभी सुराची उंची. १९६६ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी खुद्द लेज्यून यांच्यासह या बाळांच्या रडण्याची अशी चित्रं प्रसिद्ध केली. निरोगी बाळाच्या रडण्याची रेघ चढते आणि उतरते, टेकडीसारखी. या बाळांची रेघ खूप वर असते आणि सपाट जाते. आज हेच काम साध्या संगणकावर होतं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं ‘प्राट’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डच भाषेत प्राट म्हणजे ‘बोल’! सूर एका कंपनापासून दुसऱ्यापर्यंत किती डगमगतो, आवाजाचा जोर किती हलतो, त्यात खरखर किती मिसळते, हे सगळं ते आकड्यांत सांगतं.

पण मोबाईलवर रडणं रेकॉर्ड करून कुणी निदान करू नये. जन्मताना गुदमरलेल्या, मेंदूला सूज आलेल्या किंवा फार वाढलेल्या काविळीच्या बाळाचं रडणंही तीक्ष्ण होतं. तिथे वाट पाहायला वेळ नसतो. तान्ह्या बाळाचा आवाज अचानक चिरका झाला, दूध पिणं थांबलं, तर ताबीज नंतर बांधा, आधी दवाखाना गाठा. आवाज फक्त शंका देतो. शिक्का बसतो तो रक्तातल्या गुणसूत्रांच्या तपासणीनं, म्हणजे कॅरिओटाइपनं. तुकडा फारच लहान असेल तर आणखी बारीक चाचण्या लागतात.

आवाज दिशा दाखवतो, हेही खरं. संशोधकांना असं आढळलं की मांजरासारख्या रडण्याशी संबंध असलेला भाग गुणसूत्राच्या टोकाकडे आहे, आणि चेहऱ्याची ठेवण व बौद्धिक वाढीशी जोडलेला भाग थोडा आत. त्यामुळे रडणं तसंच असूनही काही मुलांची बुद्धी फारशी मागे राहत नाही. बरं, हे रडणंही अनेकांचं वाढत्या वयासोबत विरत जातं. तपासणी तोवर झाली नाही तर मोठी खूण हातची जाते.

‘मांजर’ या नावाबद्दल. पाश्चात्य देशांतल्या अनेक पालकांना ते आवडत नाही, ते ‘फाइव्ह पी मायनस’ म्हणतात. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना नावं ठेवायला मनाई आहे, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मांजराबद्दल आपल्याला राग असायचं मात्र कारण नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची कुनियतच मांजराच्या पिलावरून पडली.

शाळेतल्या त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी मुलीचा आणि आई-वडिलांचा, असे तिघांचे रिपोर्ट आले. अम्मीनं आम्हाला घरी बोलावलं. कागद इंग्रजीत, खाला फक्त उर्दू वाचणाऱ्या. आम्ही चटईवर बसून तो उर्दूत समजावला. मुलीच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडा नाही. आई-वडिलांची गुणसूत्रं ठीक आहेत. दहातल्या साधारण नऊ घरांत असंच असतं: तुकडा नव्यानंच गळतो. उरलेल्या घरांत आई किंवा बाप स्वतः निरोगी असूनही त्यांच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, म्हणून पुढच्या मुलाआधी दोघांचं रक्त तपासावं लागतं.

“म्हणजे खालाजाद लग्नामुळे नाही?” खालांनी विचारलं.

“या आजारात नाही.” आम्ही खोटा दिलासा दिला नाही. थॅलेसेमियासारख्या आजारांत दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच मूल आजारी पडतं, आणि तिथे नात्यातल्या लग्नानं धोका वाढतोच. इथे एकाच गुणसूत्राचा तुकडा गळणं पुरेसं असतं, नातं असो वा नसो.

“आणि मांजर?”

“मांजराचा काही संबंध नाही. दादी, नव्यानं गळालेला तुकडा दहांपैकी आठ-नऊ वेळा बापाकडून आलेल्या गुणसूत्रातला असतो. त्यात त्याचाही दोष नाही, ते घडून जातं.”

खाला बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सुनेकडे न बघता बाळाला उचलून मांडीवर घेतलं आणि विचारलं, “ही बोलेल का?”

काही मुलं थोडं बोलतात, काही फार कमी. पण त्यांना बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त, आणि हे घरच्यांना ठाऊक नसेल तर मुलाशी बोलणंच बंद होतं. चित्रं, खुणा आणि वाचा-उपचार जितके लवकर, तितका फायदा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर त्यासाठी केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

त्या मुलीचा आवाज आता दर काही महिन्यांनी तपासला जातो. रेघ थोडी खाली येते आहे, असं तिच्या अम्मीनं परवा सांगितलं. पाणी हवं असेल तेव्हा ती पेल्याच्या चित्रावर बोट ठेवते. ते चित्र खालांनी भिंतीवर चिकटवलंय, स्वतःच्या हातानं उर्दूत ‘पानी’ लिहून.