विश्लेषण : मीरा-भाईंदरची लोकसंख्या दुप्पट झाली का? ‘लॉग’ काय सांगतो?

करोनामुळे रखडलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ आहे. तोवर मीरा-भाईंदरची अधिकृत लोकसंख्या २०११ चीच, सुमारे ८.०९ लाख. आज शहरात किती माणसे असतील, हा अंदाज काढायला बारावीत कंटाळून उघडलेले लॉग टेबल कामी येते.

लॉग म्हणजे काय?

१०० म्हणजे १० चा दुसरा घात, म्हणून १०० चा लॉग २. एक हजाराचा ३. मधल्या संख्यांचे लॉग अपूर्णांकात येतात; २ चा लॉग ०.३०१०. लॉगचा मोठा गुण असा की तो गुणाकाराची बेरीज करून टाकतो. लोकसंख्या गुणाकारानेच वाढते, मुदत ठेवीवरच्या चक्रवाढ व्याजासारखी. त्यामुळे इथे लॉग सोयीचा.

गणित कसे करायचे?

मोबाइल आडवा धरला की बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘लॉग’चे बटण दिसते. २००१ मध्ये शहरात सुमारे ५.२० लाख लोक होते. ८.०९ भागिले ५.२० म्हणजे १.५५६. त्याचा लॉग ०.१९२. ही दहा वर्षांची वाढ, म्हणजे वर्षाला ०.०१९२. आता ०.३०१० ला ०.०१९२ ने भागा. उत्तर १५.७ वर्षे. वेग तोच राहिला असेल, तर २०११ ची लोकसंख्या २०२६ च्या अखेरीस दुप्पट, म्हणजे १६ लाखांवर जाते.

नेहमीची चूक कुठे होते?

दहा वर्षांत २.८९ लाख वाढले, म्हणून पुढेही तेवढेच वाढतील असे धरले जाते. तसे केले तर मार्च २०२७ ला १२.७ लाख येतात. लॉगच्या हिशेबाने १६.४ लाख. साडेतीन लाखांहून जास्त माणसांचा फरक! तो पाण्यात मोजू. सूर्या प्रकल्पातून शहरासाठी रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरले आहे. २०११ च्या लोकसंख्येला ते माणशी २६९ लिटर पडते, म्हणजे चैनच. १६.२ लाखांना वाटले की जेमतेम १३५ लिटर, आणि शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंडही तेवढाच आहे. स्टेम आणि एमआयडीसीचे पाणी यात धरलेले नाही, हे खरे. पण गळतीही धरलेली नाही.

१६ लाख पक्के समजायचे का?

नाही. लॉग फक्त ‘वेग तोच राहिला तर’ एवढेच सांगतो. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १.७५ लाख होती. त्या दशकाचा हिशेब केला तर दुप्पट व्हायला अवघी ६.४ वर्षे लागत होती. पुढच्या दशकात तोच काळ १५.७ वर्षांवर गेला. वेग आणखी मंदावला असण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे खरा आकडा १६ लाखांच्या आत निघाला तर नवल नाही. मात्र तो ८.०९ लाखांच्या जवळपास नसेल, हे सांगायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. सकाळी भाईंदर स्थानकात लोकल पकडणाऱ्या कुणालाही विचारा.