क्लच सुटत नाही? आधी मोजा!

ओरलला एक्स्टर्नलने 'सिंगल प्लेट क्लच सांगा' म्हटलं की आपण सगळे पोपटासारखे सुरू होतो. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, डायफ्रॅम स्प्रिंग, रिलीज बेअरिंग. आकृतीही झोकात काढतो, कारण ती सीनियरच्या जर्नलातून तीन वर्षं तशीच उतरत आलेली असते. पण पेडल पूर्ण दाबल्यावर ते बेअरिंग किती मिलिमीटर सरकतं, असं विचारलं तर वर्गात शांतता! माझ्या मते क्लचची निम्मी विद्या या एका आकड्यात आहे आणि तोच आपल्याला कुणी विचारत नाही.

उदाहरण मुद्दाम परदेशी आणि जोरदार गाडीचं घेतो. अमेरिकेतली शेवरोले कॅमारो, 1998 ते 2002 ची. 5.7 लिटरचं व्ही-8 एलएस-1 इंजिन आणि सहा गिअरचा टी-56 मॅन्युअल गिअरबॉक्स. या गाडीत बाहेर स्लेव्ह सिलिंडर आणि फोर्क असा प्रकार नाही. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती गोल बसतो आणि बेअरिंग त्याच्याच तोंडावर असतं. आपल्याकडच्याही कित्येक गाड्यांत आता हीच रचना असते. दिसायला सुटसुटीत, पण आतलं काही पाहायचं तर पन्नास किलोच्या वरचा गिअरबॉक्स खाली घ्यायचा! म्हणूनच ही गाडी आळशी माणसाला शिक्षा करते.

लोक काय करतात? ताकद वाढवली म्हणून भारी क्लच टाकतात. गिअरबॉक्स चढवतात, पेडल दाबतात, रिव्हर्स टाकायला जातात आणि खर्रर्र! मग निदान ठरलेलं: 'प्लेट खराब आली, बदला.' दुसरी प्लेट, दुसरा खर्च, पुन्हा तोच आवाज.

आता जरा हिशेब करू. आकडे सोयीचे, कुठल्या एका गाडीचे नाहीत. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास 19 मिमी आणि पिस्टनची चाल 32 मिमी. म्हणजे सुमारे 9 घन सेंमी तेल ढकललं गेलं. स्लेव्हचं कड्यासारखं क्षेत्रफळ 1000 चौरस मिमी धरलं तर बेअरिंग 9 मिमी सरकेल. नव्या प्रेशर प्लेटच्या बोटांना सुटण्यासाठी 8 मिमी लागतात असं समजा. हातात उरला 1 मिमी. आता पाइपात एक घन सेंमी हवा राहिली, की तो मिलिमीटर जवळजवळ संपला. पेडलच्या सांध्यात ढिलाई आहे, पायाखाली जाड मॅट आहे आणि पिस्टन 28 मिमीच चालला, तर बेअरिंग 7.9 वर थांबेल. क्लच सुटणार नाही. यात प्लेटचा काय दोष? एका मॅटसाठी गिअरबॉक्स उतरवणारे महाभाग असतात म्हणून सांगतो.

म्हणून खाली झोपण्याआधी बाहेरून जेवढं कळतं तेवढं कळून घ्यावं. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच ओढतोय. पेडल चार-पाच वेळा मारल्यावर सुधारतं? मग हवा किंवा मास्टर सिलिंडर. मारूनही काही फरक नाही? मग चाल कमी आहे किंवा बसवण्यात घोळ आहे. एक सावधगिरी मात्र हवी. 'सुटत नाही ना, मग रॉड लांब करा' हा उपाय गॅरेजात फार लोकप्रिय आहे. रॉडची मोकळीक संपली की मास्टरचं परतीचं भोक झाकलं जातं, तेल परत येत नाही, आणि कालपर्यंत न सुटणारा क्लच गरम झाल्यावर स्लिप मारायला लागतो. एक रोग काढून दुसरा घातला!

आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर चढवण्याआधीची दहा मिनिटं सोन्याची. बेलहाऊसिंगच्या तोंडापासून पूर्ण दाबलेल्या बेअरिंगपर्यंतची खोली घ्या. इंजिनच्या तोंडापासून क्लचची बोटं किती बाहेर आहेत ते घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे मधली जागा. ती किती हवी हे क्लच बनवणाऱ्याच्या कागदावर असतं, बहुधा काही मिलिमीटरच. जागा फार असली तर स्लेव्हचा पिस्टन आपल्या वाटेच्या टोकाला जाऊन क्लच अर्धवट सोडतो, नाहीतर सील बाहेर येऊन तेल गळतं. तिथे स्लेव्हच्या मागे शिम लागतो. जागा फार कमी असली तर आज सगळं छान चालतं. पण प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात, मागे जायला जागा नसते आणि क्लच कायमचा अर्धा दाबलेला राहतो. नवा असताना उत्तम आणि काही महिन्यांत स्लिप, अशा क्लचचं कारण पुष्कळदा हे असतं.

बाकी चुका जुन्याच. प्लेट उलटी बसणं, स्प्लाइनला ग्रीस थापणं, डॉवेल पिना विसरणं. गिअरबॉक्स शेवटचा बोटभर अडला की बोल्ट आवळून ओढून घेणं, ही तर सर्वात महागडी. त्यात क्रँकमधलं पायलट बेअरिंग चिरडतं किंवा प्लेटचा हब वाकतो, आणि मग प्लेट खरोखरच खराब होते!

आता मुद्द्याचं. हे सगळं मोजायला लागतं काय? एक डेप्थ गेज, एक सरळ पट्टी, जमलं तर डायल गेज. तिन्ही आपल्या कॉलेजात आहेत. पण मेट्रॉलॉजी लॅबच्या कपाटात, कुलपात. ऑटोच्या वर्कशॉपमध्ये आहे तो लाल-पिवळा रंगवलेला कट सेक्शन, ज्याचं पेडल कितीही दाबा, काहीच हलत नाही. स्पर्धेच्या गाडीसाठी होस्टेलची मुलं मेसचे पैसे वाचवून वर्गणी काढतात आणि ती वर्गणी अंदाजाने आणलेल्या पार्टांत जाते, हे मला पटत नाही. सरांना विनंती आहे, एक डेप्थ गेज रजिस्टरवर सही घेऊन वर्कशॉपला द्या. आणि पुढच्या टर्मला क्लचच्या प्रॅक्टिकलमध्ये आकृतीऐवजी प्रत्येक बॅचने स्वतः घेतलेली मापं लिहायला लावा. प्रत्येकाचे आकडे थोडे वेगळे येतील, त्यामुळे सीनियरचं जर्नल तेवढ्यापुरतं तरी निकामी होईल!