बारा स्क्वेअर फुटांची मालकीण

तुमच्या टू-बीएचकेत रिकामी जागा किती? ‘शून्य’ म्हणायच्या आधी जरा उठा आणि घरभर एक चक्कर मारा. पॅसेज संपतो तिथला कोपरा, वॉर्डरोबसाठी बिल्डरने सोडलेला कोनाडा, रो-हाऊस असेल तर जिन्याखालची जागा. तिथे सध्या कोण राहतं? बंद पडलेला मिक्सर, टीव्हीचं खोकं आणि सुटकेसमधली सुटकेस. हप्ते आपण भरायचे आणि ऐसपैस राहायचं भंगाराने!

आमच्याकडे असाच एक कोनाडा होता. चार फूट रुंद, तीन फूट खोल. त्यावर दावे मात्र भरपूर. नवऱ्याला प्रिंटर ठेवायचा होता, सासूबाईंना गव्हाची कोठी. मिस्त्री म्हणाला, “ताई, शू-रॅक मस्त बसेल.” पण पाच वर्षांची लेक डायनिंग टेबलाखाली चादर लावून संसार थाटायची आणि रोज रात्री जेवणाची पानं घेताना तो मोडला जायचा. रोज बेघर होणाऱ्याचा हक्क पहिला. कोनाडा तिला मिळाला.

कोनाड्याचा फायदा म्हणजे तीन भिंती फुकट मिळतात. फक्त पुढची उभारायची. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते, त्यातली एक पुरते. जाडी १८ एमएम. उंची छतापर्यंत नको, साडेचार फूट बास. वरून हवा-उजेड येतो आणि आतलं आपल्याला ऐकूही येतं. दार तीन फुटांचं. तिने किंचित वाकून जायचं, आपण रांगत. घर कोणाचं आहे, ते असं कळतं! उरलेल्या प्लायमध्ये एक बाक आणि फळी निघते.

मिस्त्रीला काही गोष्टी मात्र ठणकावून सांगा. पुढची भिंत दोन्ही बाजूंना फास्टनरने पक्की बसवायची, नुसती टेकवायची नाही. कडी, कुलूप काही नको. खरं तर दारच नको, बिजागरीत बोटं सापडतात. आजीच्या जुन्या सुती साडीचा पडदा लावा. खिडकी ठेवाल तर ९ ते २३ सेंटिमीटरची फट कुठेही नको, त्यात लहान मुलाचं डोकं अडकू शकतं. कडा पॉलिश पेपरने घासून गोल करा. रंग पाण्यात मिसळणारा, शिसं नसलेला घ्या. भारतात २०१७ पासून घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, त्यामुळे माळ्यावरचा जुना डबा उघडूच नका. आत प्लग पॉइंट असेल तर बंद करून टाका. उजेडाला बॅटरीवरचा दिवा पुरतो, पण त्याच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. आणि हे घर बाल्कनीत किंवा खिडकीखाली नको. बाकावर चढलं की ग्रिल हाताशी येतं.

भाड्याचा फ्लॅट आहे, भिंतीला भोक पाडलं तर डिपॉझिट जाईल? फ्रिजचं खोकं आणा. मुलांना प्लाय आणि पुठ्ठ्यातला फरक कळत नाही, आपल्याला कळतो.

एवढं झालं की हात आखडते घ्या. थीम, वॉलपेपर, मॅचिंग कुशन्स ही आपली हौस. तुळशीबागेतली पितळी भातुकली किंवा सावंतवाडीची लाकडी फळं आणून द्या आणि बाजूला व्हा. आमच्याकडे त्या घराचं सोमवारी हॉस्पिटल असतं, मंगळवारी बँक. मला परवा कर्ज नाकारलं गेलं.

कारण प्लाय आणि मिस्त्रीची मजुरी हा यातला सोपा खर्च. अवघड आहे ते बारा स्क्वेअर फुटांवरचा आपला हक्क सोडणं. दिवसभर ‘तिथे बसू नकोस, याला हात लावू नकोस’ ऐकणाऱ्या मुलाला घरात एक जागा हवी, जिथे मोठ्यांनी बाहेरून हाक मारायची आणि ‘आत्ता नको’ ऐकलं तर निमूट परत यायचं.

व्हॅक्यूम क्लीनर तिथे ‘तात्पुरता’ ठेवायचा मोह होईल. आपल्या घरात तात्पुरतं ठेवलेलं काही परत निघाल्याचं आठवतंय तुम्हाला?