नवी मुंबईची दर्शनफेरी गावठाणातून जावी

दिनांक : १ मे २०२६
ठिकाण : कोपरखैरणे, नवी मुंबई

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका,
मुख्यालय, सी.बी.डी. बेलापूर, नवी मुंबई.

विषय : कोपरखैरणे येथून स्थानिक मार्गदर्शकांसह बारमाही 'नवी मुंबई दर्शन' फेरी सुरू करणे आणि गावठाणे, खाडीकिनारा व स्मृतिस्थळांचा तीत समावेश करणे याबाबत.

महोदय,

आम्ही कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे आणि घणसोली परिसरातील खाली सह्या करणारे रहिवासी आहोत. आमच्यात खाडीत जाळे टाकणारे कोळी आहेत, शहरासाठी जमिनी दिलेले आगरी शेतकरी आहेत, बाजार समितीत आयुष्यभर ओझी वाहिलेले माथाडी कामगार आहेत आणि नोकरीनिमित्त सेक्टरांत येऊन इथलेच झालेले शिक्षक, कारकून, गृहिणी आणि विद्यार्थीही आहेत. आम्हा सर्वांच्या वतीने हे निवेदन आपणास सादर करीत आहोत.

गेल्या दिवाळीत आमच्यापैकी एका कुटुंबाने गावाकडून आलेल्या पाहुण्यांसाठी खासगी सहलीच्या बसची तिकिटे काढली. दिवसभर दक्षिण मुंबई दाखवून बस संध्याकाळी वाशीच्या पुलावर आली, तेव्हा वाटाड्याने सांगितले, "आता पुढे बघण्यासारखे काही नाही, आराम करा." त्या गाडीत खैरण्याच्या एक आजी बसल्या होत्या. बस ज्या खाडीवरून जात होती, तिच्यात त्यांच्या वडिलांची होडी चालत असे. आजी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी नातवंडांना विचारले, "आपल्याकडं खरंच काय नाय का?" हे निवेदन त्या प्रश्नातून निघाले आहे.

पार्श्वभूमी

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे भराव घालून सपाट झाली आणि त्यांवर सेक्टर उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आज घरोघरी 'साडेबारा टक्के' म्हणून ओळखली जाणारी विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून मिळाली आहे.

शहर घडण्याचा हा सारा इतिहास गेल्या साठ वर्षांतला आहे. तो घडवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. परंतु बाहेरून येणाऱ्याला इथे रुंद रस्ते, उंच इमारती आणि मॉल एवढेच दिसते. जुन्या शहरांत वाडे आणि बुरूज स्वतःच आपली साक्ष देतात. आमच्या शहराची साक्ष भरावाखाली गेली आहे, ती माणसाच्या तोंडूनच ऐकावी लागते. म्हणून इथल्या दर्शनफेरीला बस जितकी लागेल, त्याहून जास्त जाणता माणूस लागेल.

पाहण्यासारखे काय आहे

कोपरखैरण्यापासूनच सुरुवात करता येईल. सेक्टर १४ मधील निसर्ग उद्यान एके काळच्या क्षेपणभूमीवर उभे आहे. कचऱ्याच्या डोंगरावर दाट झाडी कशी वाढली, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातल्या कोणत्याही नगरपालिकेने आपली माणसे इथे पाठवावीत, असे हे ठिकाण आहे. त्याच्यापुढे खारफुटी आणि ठाण्याची खाडी आहे. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्या वाडवडिलांनी मातीचे बांध घातले आणि उघाड्या बसवल्या. पाणी कधी आत घ्यायचे आणि कधी सोडायचे, याचे त्यांचे गणित चंद्राच्या तिथीवर चाले. आज शहराला पुरापासून वाचवणारे धारण तलावही भरती-ओहोटीच्या त्याच तत्त्वावर चालतात. शाळेतल्या मुलाला हे उघाडीजवळ उभे करून सांगितले, तर त्याला भूगोल वेगळा शिकवावा लागणार नाही.

गावठाणांत गावदेवीची मंदिरे आहेत, चैत्रातल्या जत्रा आणि पालख्या आहेत. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण आहे. लग्नाचे विधी ती गाण्यातून पुढे नेते आणि तिची सारी विद्या तोंडपाठ असते. 'आगरी' हे नाव ज्या मिठाच्या आगरावरून आले, ते आगर राखलेले हात अजून काही घरांत आहेत. घणसोली हे गाव स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणून आजही अभिमानाने ओळखले जाते.

कोपरखैरणे आणि घणसोलीतील माथाडी वसाहती हा आमचा दुसरा वारसा आहे. अण्णासाहेब पाटील यांनी डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांना संघटित केले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची आणि उपचारांची हमी मिळाली. सातारा, सांगली, पुणे भागांतून आलेल्या या माणसांच्या खांद्यांवरून मुंबईचे धान्य, मसाला, कांदा-बटाटा, भाजीपाला आणि फळे आजही पुढे जातात. पहाटे तुर्भ्याच्या पाच बाजारपेठा पाहिल्याशिवाय महानगर जेवते कसे, हे कोणालाही कळणार नाही.

उत्तरेला ऐरोली आहे. तेथील भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक ५ डिसेंबर २०२१ पासून ग्रंथालय आणि दालनांसह खुले आहे. जवळच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तेथून खाडीतील रोहित पक्षी होडीतून पाहता येतात. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

दक्षिणेला नेरुळचे आगरी-कोळी संस्कृती भवन, बेलापूरचा किल्ला, कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेले आर्टिस्ट व्हिलेज आणि अर्बन हाट आहे. सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या सत्ता पाहून १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेल्या त्या किल्ल्याचे अवशेष आपल्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

इतर शहरांचा अनुभव

पुणेकरांना 'पुणे दर्शन' बस पिढ्यानपिढ्या माहीत आहे. मुंबईत पर्यटन महामंडळाच्या 'नीलांबरी' बसमधून हजारोंनी रोषणाईतील वास्तू पाहिल्या. बृहन्मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये आपली मुख्यालय इमारत मार्गदर्शकासह पाहण्यासाठी खुली केली. अहमदाबाद महापालिकेने १९९७ मध्ये जुन्या शहरातील पोळांमधून सकाळची पायी फेरी सुरू केली आणि ती नेटाने चालवली. राहत्या माणसांच्या गल्ल्या हाच वारसा आहे, हे त्या शहराने आधी स्वतःला पटवून दिले. २०१७ मध्ये ते देशातील पहिले जागतिक वारसा शहर ठरले. केरळात कुमारकोम येथे २००८ पासून गावकरीच पाहुण्यांना मासेमारी, काथ्याचे काम आणि शेती दाखवतात आणि त्याचा मोबदला त्यांच्या घरी जातो. आमच्या खाडीलाही हे जमेल.

नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे. तेथे उतरणारा प्रवासी आता आधी आमच्या भूमीवर पाय ठेवतो आणि मग मुंबईला जातो. त्याला इथे अर्धा दिवस थांबण्याचे कारण देणे आपल्या हाती आहे.

आमच्या मागण्या

१. नवी मुंबई महानगरपालिका परिवहन उपक्रमामार्फत दर शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी कोपरखैरणे रेल्वे स्थानकापासून अर्ध्या दिवसाच्या दोन फेऱ्या सुरू कराव्यात. उत्तर फेरीत निसर्ग उद्यान, बोनकोडे व खैरणे गावठाण, घणसोली, बाबासाहेबांचे स्मारक आणि ऐरोलीचे केंद्र असावे. दक्षिण फेरीत तुर्भ्याचा बाजार, वाशीचा सागर विहार, आगरी-कोळी भवन, बेलापूर किल्ला, आर्टिस्ट व्हिलेज आणि अर्बन हाट असावे. होडीची वेळ भरती पाहून ठरवावी आणि महिन्याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे.

२. गावठाणांच्या गल्ल्या अरुंद आहेत. बस बाहेर थांबवून आत पायी न्यावे आणि एका गटात वीसपेक्षा जास्त माणसे नसावीत.

३. मार्गदर्शक म्हणून प्रकल्पग्रस्त, कोळी आणि माथाडी कुटुंबांतील तरुण-तरुणींना प्राधान्य द्यावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या मदतीने त्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि प्रत्येक फेरीमागे ठरावीक मानधन द्यावे.

४. माहिती प्रथम मराठीत सांगितली जावी. हिंदी व इंग्रजीत सांगणारे मार्गदर्शकही असावेत. आगरी-कोळी बोलीतील शब्द, गाणी आणि जागांची जुनी नावे तशीच ठेवावीत.

५. १९७० पूर्वीची शेती, मिठागरे आणि खाडी पाहिलेल्या ज्येष्ठांच्या आठवणी महापालिकेने ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयांत ठेवाव्यात. मार्गदर्शकांची पुस्तिका त्यांवरून तयार व्हावी आणि जाणकारांकडून तपासली जावी. ऐकीव दंतकथा इतिहास म्हणून सांगितल्या जाऊ नयेत.

६. प्रत्येक गावठाणाच्या वेशीवर गावाचे नाव, त्याची थोडक्यात माहिती आणि जुना नकाशा असलेला फलक लावावा.

७. महापालिका शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याला शिक्षण संपण्यापूर्वी दोन्ही फेऱ्या विनामूल्य घडवाव्यात. ज्येष्ठ नागरिक व दिव्यांगांना सवलत द्यावी. बसमध्ये चाकाची खुर्ची चढवण्याची सोय असावी.

८. फेरीतील न्याहारी व जेवणाचे काम गावातील महिला बचत गटांना द्यावे. तांदळाची भाकरी आणि खाडीची मासळी पाहुण्यांना इथल्याच चुलीवरची मिळावी.

९. ग्रामस्थांच्या संमतीशिवाय कोणतेही घर, देवस्थान वा विधी फेरीत घेऊ नये. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारण्याचा नियम तिकिटावर छापावा. बाजारात कामगारांच्या कामात अडथळा येणार नाही, याची जबाबदारी आयोजकांची असावी.

१०. रोहित पक्ष्यांपासून होड्यांनी राखायचे अंतर वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोलून निश्चित करावे. पक्षी दाखवायचे तर आधी पाणथळी राखल्या पाहिजेत. शहरातील पाणथळींवर भराव पडणार नाही, याची हमी या योजनेचाच भाग असावी.

११. बेलापूर किल्ल्याच्या उरलेल्या बांधकामाचे जतन सिडकोच्या सहकार्याने विनाविलंब हाती घ्यावे.

१२. सिडकोच्या सहकार्याने महिन्यातून एकदा जासईचे हुतात्मा स्मारक आणि २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे चिरनेर दाखवणारी स्मृतिफेरी काढावी.

आमची तयारी

आम्ही केवळ मागण्या घेऊन आलेलो नाही. गावठाणातील पायवाटा आखून देणे, ज्येष्ठांना बोलते करणे, मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्यांची यादी देणे आणि पहिल्या सहा फेऱ्यांत स्वयंसेवक म्हणून उभे राहणे, ही कामे आम्ही विनामोबदला करू. या निवेदनावर तीस दिवसांच्या आत परिवहन उपक्रम, उद्यान, शिक्षण व समाजविकास विभाग आणि ग्रामस्थ यांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी. १ जानेवारी २०२७ रोजी महानगरपालिका अस्तित्वात येऊन ३५ वर्षे पूर्ण होतील आणि त्या दिवसांत रोहित पक्षीही खाडीत असतील. त्या दिवशी पहिली फेरी कोपरखैरणे स्थानकातून निघावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. आम्ही आमचे कर्तव्य करण्यास तयार आहोत. प्रशासनाने त्याला वाट करून द्यावी.

शेवटी एक गोष्ट आपल्या विशेष लक्षात आणून देतो. सिडकोची स्थापना झाली तेव्हा जो तरुण वीस वर्षांचा होता आणि आपल्या शेतात भात लावत होता, तो आज शहात्तर वर्षांचा आहे. कोणत्या इमारतीखाली कोणाचे खाचर होते, उघाडी कुठे होती, होड्या कुठे लागत, हे त्यालाच ठाऊक आहे. रस्ते, उद्याने आणि भवने पुढच्या अर्थसंकल्पातही बांधता येतील. ही माणसे मात्र दर वर्षी कमी होत आहेत. कृपया या निवेदनावर याच वर्षी निर्णय घ्यावा.

आपले नम्र,
कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे व घणसोली परिसरातील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर :
१. मा. महापौर, नवी मुंबई महानगरपालिका
२. मा. व्यवस्थापकीय संचालक, सिडको
३. मा. परिवहन व्यवस्थापक, नवी मुंबई महानगरपालिका परिवहन उपक्रम
४. मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ