गृहोद्यान : पाहुण्या राजाची बडदास्त

ज्या झाडास फूल नाहीं त्यास बागेंत मान नाहीं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. पूजेस फूल लागतें, वेणीस फूल लागतें. म्हणून अंगणांत जाई, तगर व जास्वंद यांस पहिली जागा. परंतु केवळ पानांच्या शोभेकरितां झाडें बाळगण्याची हौस अलीकडे सुशिक्षित घरांत वाढली आहे, व त्यांतहि दुर्मिळ झाडाकडे ओढा अधिक. अशाच एका झाडाविषयीं आज दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या झाडाचें शास्त्रीय नांव अँथुरियम व्हीची. हौशी लोक त्यास ‘राजा अँथुरियम’ म्हणतात. अँथुरियम हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘पुच्छपुष्प’ असा होतो. कारण याचा फुलोरा शेपटीसारखा असतो. आपलें अळू व सुरण हे याचेच कुलबंधु. मात्र याची खरी संपत्ति पान. तें खालीं लोंबतें, चांगल्या वाढलेल्या झाडावर हातभराहून कितीतरी लांब, क्वचित् मीटरभराहूनहि लांब होतें, आणि त्यावर नेसत्या लुगड्याच्या निऱ्यांप्रमाणें आडव्या वळ्या पडलेल्या असतात. गुस्टाव वालिस या जर्मन संग्राहकानें कोलंबिया देशांतून तें लंडनच्या व्हीच यांच्या रोपवाटिकेकडे धाडलें, व १८७६ सालीं मास्टर्स या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. वालिस मात्र पुढें दोनच वर्षांनीं, १८७८ त, इक्वेडोरमधील क्वेंका गांवीं मरण पावला.

झाडाचें माहेर कसें, हें समजलें म्हणजे निगा अर्धी कळली. पश्चिम कोलंबियांतील दाट जंगलांत हें बहुधा वृक्षांच्या खोडांवर वाढतें. तें बांडगूळ नव्हे. आपल्या आमरीप्रमाणें तें वृक्षाचा केवळ आधार घेतें, त्याचा रस शोषीत नाहीं. त्या बाजूच्या किब्दो गांवीं वर्षास सरासरी सुमारें आठ मीटर पाऊस पडतो. आमच्या महाबळेश्वरींहि पाऊस थोडा नाहीं, पण तो चार महिन्यांत आटोपतो. तिकडे बाराहि महिने चालतो. म्हणून आपल्याकडे या झाडाची परीक्षा श्रावणांत नसून चैत्र-वैशाखांत असते. कोंकणांतील दमट हवा त्यास मानवते. देशावर उन्हाळ्यांत त्यास जपावें लागतें. आणि विदर्भाच्या उन्हांत, बंद व दमट जागेची सोय नसेल तर, त्याचा नाद न करणें बरें.

कुंडींत केवळ माती भरूं नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोनतीन वेळां पाणी बदलून भिजवावे, म्हणजे त्यांतील क्षार निघून जातो. त्यांत लोणारी कोळसा, विटांचे खडे व थोडें कुजलेलें शेणखत मिसळावें. मुळांस ओलावा हवा, तशीच हवाहि हवी. पानें लोंबतीं असल्यामुळें कुंडी टांगावी किंवा उंच चौरंगावर ठेवावी. पूर्वेकडील पडवींतील कोंवळें ऊन चालतें. दुपारचें ऊन लागल्यास पान करपतें. पावसाचें पाणी सांठवून ठेवल्यास उत्तम, कारण खाऱ्या विहिरीच्या पाण्यानें पानांच्या कडा जळतात. खत अगदीं पातळ करून, तेंहि वाढीच्या दिवसांतच द्यावें.

एकत्र कुटुंबांत एक गोष्ट विशेष सांभाळावी. सासूबाई सकाळीं पाणी घालतात, सूनबाई दुपारीं घालते आणि नातवंडें संध्याकाळीं हौसेनें घालतात; असें झाड तहानेनें मरत नाहीं, कुजून मरतें. पाणी घालण्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें, व वरचा थर सुकूं लागला म्हणजेच तें घालावें. पानांमागें लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्यानें पुसून सौम्य साबणाचें पाणी लावावें. दुसरें असें कीं, अळवाची खाज चिंच घालून शिजविल्यानें जाते, परंतु हें झाड खाण्याचें नव्हे. याच्या रसांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. लहान मुलानें पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. तसें झाल्यास तोंड धुवावें व वैद्यास दाखवावें. रांगत्या मुलाच्या हातीं लागेल अशा जागीं कुंडी ठेवूंच नये.

आतां मुख्य गोष्ट. हें झाड आणावें कोठून? ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, अशा घरांत ‘येतांना पेटींत एक फांदी घेऊन ये’ असें सहज लिहिलें जातें. हें आम्हांस अगदीं अयोग्य वाटतें. आपल्या देशांत रोपें आणण्यास २००३ च्या वनस्पति-विलगीकरण आदेशाप्रमाणें परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम पोकळ नाहीं. घाणेरीचें झुडूप एकोणिसाव्या शतकांत शोभेकरितांच या देशांत आलें. आज तें किती रानें व्यापून बसलें आहे हें सर्वांस ठाऊक आहे. माडावरील चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेंतील. ती २०१६ सालीं तामिळनाडूंत पोल्लाची येथें आढळली व तेव्हांपासून बागाइतदारांस तिची डोकेदुखी झाली आहे. एका पेटींतील एका फांदीबरोबर किती जीव येतात, हें पेटी आणणाऱ्यास दिसत नाहीं.

यास्तव बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनानें येथेंच वाढविलेलें रोप ओळखीच्या रोपवाटिकेंतून घ्यावें. मुळें ओरबाडलेलीं व पानें जुनीं, फाटकीं असतील, तर तें रानांतून उपटलेलें असण्याचा संशय घ्यावा व विक्रेत्यास स्पष्ट विचारावें. लहान रोप स्वस्त पडतें, आपल्या हवेस लवकर सरावतें; मोठें पान येण्यास वर्षें लागतात, पण त्या वर्षांत घरांतील मुलांस झाडाकडे पाहण्याची संवय लागते. ज्यांस इतका धीर नाहीं त्यांनीं यंदाच्या पावसाळ्यांत रंगीत अळवाचे कांदे लावावे. शोभा त्यांचीहि कमी नाहीं, आणि त्यांकरितां कोणाचें रान उजाड करावें लागत नाहीं.