कबूल म्हटलं म्हणजे संपलं?

"अहो, त्याने स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला ना? मग आता अपील कसलं?" आमच्या एका काकांचं हे लाडकं वाक्य. काका, रागावू नका, पण आज तुमच्याशीच भांडायचं आहे.

कायदा काकांच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३७५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम ४१६ नंबरची पाटी लावून पुन्हा येऊन बसलं. म्हणणं जुनंच. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरून तो दोषी ठरला, तर अपील नाही. खालच्या कोर्टाचा निकाल असेल तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच अपील. 'मी हे केलंच नव्हतं' असं म्हणायला ते दार बंद.

आता काका, जरा कल्पना करा. चोरीच्या केसमध्ये एक पोरगा आत आहे. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार कोण राहणार? आठ महिने झाले. तारखेला कोणीतरी कानात सांगतं, "कबूल करून टाक. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. संध्याकाळी घरी." नाही म्हटलं तर पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. तुम्ही काय केलं असतंत? मी तरी छातीठोकपणे 'लढलो असतो' असं म्हणणार नाही. म्हणजे खरं बोलणारा आत आणि 'कबूल' म्हणणारा बाहेर! अशा कबुलीला सत्य म्हणायचं की सुटकेची किंमत?

आणि किंमत तिथेच संपत नाही. नोकरीच्या अर्जात 'शिक्षा झाली आहे का' हा रकाना असतो. चोरीसारख्या गुन्ह्यांत आधीची शिक्षा नावावर असेल, तर पुढच्या वेळी ती दहा वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपेपर्यंतही वाढू शकते. हे त्याला त्या दिवशी कोणी सांगितलं होतं?

गंमत म्हणजे कबुलीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो हे आपल्या न्यायाधीशांना चांगलं ठाऊक आहे. २० जुलै २००९ आठवतो? आर्थर रोडच्या विशेष कोर्टात कसाबने अचानक गुन्हा कबूल केला. अख्खा देश म्हणाला, द्या आता शिक्षा. न्यायाधीशांनी जबाब नोंदवून घेतला, पण खटला पुढे चालवला. पुढे कसाबने ती कबुली मागेही घेतली. मे २०१० मध्ये तो दोषी ठरला तो पुराव्यांच्या छाननीनंतर. आणि मला ते फार योग्य वाटतं. पण मग सायकलचोरीच्या आरोपातल्या पोराची कबुली पाच मिनिटांत का उरकायची?

सुप्रीम कोर्टानेही हे अनेकदा सांगितलंय. १९६० च्या दशकात महंत कौशल्या दास यांच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की, आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवणं ही नुसती औपचारिकता नाही, कारण त्याचा अपिलाचा हक्कच तिच्यावर अवलंबून आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा कर्नाटकातला थिप्पस्वामी खटला तर डोळे उघडणारा आहे. सौम्य शिक्षेच्या भरवशावर माणसाने गुन्हा कबूल केला आणि वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे घटनेच्या २१ व्या कलमाशी विसंगत आहे, खटला नव्याने चालवा. आहे ना? म्हणजे कबुली उलटवता येते. पण त्यासाठी रिव्हिजन, हायकोर्ट, दिल्ली असा प्रवास करावा लागतो. ज्याला जामीनदार मिळत नाही तो दिल्ली कुठून गाठणार?

काकांचा प्रतिवाद मला पाठ आहे. "मग काय, सगळेच कबूल करतील, शिक्षा बघतील आणि आवडली नाही की फिरतील! कोर्टं आधीच तुंबलीत." मुद्दा खोटा नाही. पण अपील मान्य झालं म्हणून माणूस निर्दोष सुटत नाही हो! केस परत खाली जाते, साक्षीपुरावे होतात, आणि दोषी ठरला तर कदाचित जास्त शिक्षाही मिळते. मजेखातर हा धोका कोण पत्करेल? बरं, शिक्षा कमी वाटली तर सरकारला अपिलाची मुभा आहेच. वर जायचा जिना एकालाच का?

२००६ पासून आपल्याकडे प्ली बार्गेनिंगचा रीतसर मार्ग आहे. अपील तिथेही जवळपास बंदच, पण निदान न्यायाधीश आरोपीला एकट्याला विचारतात की तू हे स्वखुशीने करतोयस ना. साध्या कबुलीला एवढंही संरक्षण कायद्यात लिहिलेलं नाही. समन्स खटल्यांत 'शक्यतो आरोपीच्याच शब्दांत' अशी अट आहे, पण त्याहून गंभीर वॉरंट खटल्यांच्या कलमात ते शब्दच नाहीत!

माझं मागणं फार मोठं नाही. कबुली घेण्याआधी वकील मिळाला का ते विचारा. परिणाम काय होतील ते त्याच्या भाषेत सांगा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. आणि यातलं काही राहिलं असेल, तर तेवढ्या कारणासाठी सेशन्स कोर्टात साधं अपील करू द्या.

काका, 'कबूल' हा शब्द तोंडातून कसा निघाला हे विचारायची सोय नसेल, तर त्या शब्दाला पुरावा कसं म्हणायचं? पटत नसेल तर या घरी, चहा टाकतो आणि भांडू.