निकालानंतरचा विचार

विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षापद्धतीची असावी, असा अभिप्राय डॉ. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली दिला होता. त्यानंतर सत्रपद्धती आली, श्रेयांक आले, अंतर्गत मूल्यमापन आले. परंतु परीक्षेकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलली नाही. विद्यार्थ्यांची प्रतवारी लावली की तिचे काम संपले, असेच आपण मानतो. विद्यार्थी कोठे अडला, याचा पुरावा उत्तरपत्रिकेत असतो. तो मात्र गठ्ठ्यात बांधला जातो.

मुंबई विद्यापीठाने २०१७ साली सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. निकाल रखडले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पद गमवावे लागले. विलंबाबद्दलचा संताप रास्तच होता. तथापि, या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाचे गुण स्वतंत्रपणे नोंदविता येतात, हा तिचा मोठा लाभ त्या गदारोळात झाकोळला गेला.

समजा, संख्याशास्त्राच्या परीक्षेत सरासरीची उदाहरणे बहुतेकांनी सोडविली, पण संभाव्यतेच्या प्रश्नात बहुतेक जण अडखळले. एकूण निकाल सत्तर टक्के लागला म्हणून महाविद्यालय समाधान मानील. ते प्रकरण शिकविण्यात उणीव राहिली, की प्रश्नाची भाषाच संदिग्ध होती, हे प्रश्ननिहाय गुण पाहिल्यावाचून कळणार कसे?

अभियांत्रिकी शिक्षणात ही जाणीव नाही, असे नव्हे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यापासून विषयवार उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यांस महत्त्व आले. परंतु समितीच्या भेटीपूर्वी घाईघाईने भरलेल्या तक्त्यांनी अध्यापन सुधारत नाही. कमी आकड्याबद्दल ठपका येणार असेल, तर शिक्षक उद्दिष्टच खाली आणील.

म्हणून दोन गोष्टी अगत्याच्या आहेत. प्रश्ननिहाय गुणांचा गोषवारा पुढील सत्रापूर्वी विभागाच्या हाती पडावा आणि त्याचा उपयोग शिक्षकाची झडती घेण्यासाठी होऊ नये. दुसरे असे की, सत्रान्ती उमगलेल्या चुकांचा लाभ पुढच्या तुकडीला होतो. ज्यांनी त्या केल्या, त्यांना नव्हे. तेव्हा सत्राच्या मध्यावरील चाचणीच्या उत्तरपत्रिका आठवडाभरात वर्गात परत याव्यात व त्यांवर चर्चा व्हावी. यास मोठा खर्च लागत नाही; शिक्षकांची रिकामी पदे भरून त्यांना पुरेसा वेळ मात्र द्यावा लागतो. ते न करता तक्ते मागविले, तर गठ्ठ्यांत आणखी एका गठ्ठ्याची भर पडेल, इतकेच.